नागपुरी उन्हाळ्यात एएफएमवर स्कॅन घेताना

एएफएम म्हणजे बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपून त्याचं चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक. नागपुरात एप्रिल-मेमध्ये त्यावर स्कॅन घ्यायचा तर आधी खोलीतला कूलर बंद करा. त्याचा पंखा टेबल थरथरवतो, वर ओलही वाढवतो. नमुन्यावर पाण्याचा पातळ थर बसला की सुई चिकटते, सुटता सुटत नाही. एसी चालेल, झोत तेवढा यंत्रावर नको. सुईची हालचाल टिपणारा लेझर लावून तासभर स्थिरावू द्या, नाहीतर चित्र सरकत राहतं.

नमुन्याखाली ताजा, सपाट पृष्ठभाग हवा, म्हणून अभ्रकाच्या चकतीवर चिकटपट्टी दाबून सरळ ओढा. पट्टीवर चकचकीत, अखंड पापुद्रा दिसला पाहिजे. तुकडे आले तर पुन्हा ओढा. मग नॅनोकणांच्या विरळ द्रावणाचा थेंब टाकून वाळवा.

टॅपिंगसाठी (सुई पृष्ठभागावर टकटक करत नेण्याच्या पद्धतीसाठी) साधारण 300 किलोहर्ट्झ कंपनाचा, 40 न्यूटन प्रति मीटर ताठपणाचा सिलिकॉन कॅन्टिलिव्हर, म्हणजे सुई बसवलेली लवचिक पट्टी, घ्या. लेझर त्याच्या टोकाशी आणा, डिटेक्टरच्या मध्यावर बसवा, ट्यून करा, म्हणजे पट्टीची नैसर्गिक कंपनसंख्या शोधून तिला त्याजवळ डोलवा. सेटपॉइंट, म्हणजे स्कॅनमध्ये टिकवायचा डोलण्याचा आयाम, मुक्त आयामाच्या (सुई पृष्ठभागापासून दूर असतानाच्या) 80 टक्के. सुरुवात 1 मायक्रोमीटरचा चौकोन, 1 हर्ट्झ (सेकंदाला एक ओळ), 256 ओळींनी. गेन (सुईची उंची किती झटकन सुधारायची ते) वाढवत जा, चित्रात बारीक लाटा उठल्या की थोडा उतरवा.

प्रत्येक कण जोडीनं, एकाच दिशेला दिसतोय? नमुन्याला बोल लावू नका. तो 90 अंश फिरवून बघा. जोड्यांची दिशा तीच राहिली तर सुईचं टोक खराब होऊन दुटोकं झालंय. बदला.