मेथड डोळ्यांसमोर आहे, तरी जावा म्हणते ‘नाही’: क्लासपाथमध्ये पहिल्यांदा अडकलेल्यांसाठी

नोकरीला लागून तिसरा महिना होता. रिपोर्टच्या प्रोग्रॅममधून बाहेर जाणाऱ्या जेसनमध्ये, म्हणजे मजकुराच्या रूपात पाठवायच्या डेटामध्ये, तारीख वेगळ्या स्वरूपात लिहायची, एवढंच काम. जेसनच्या लायब्ररीच्या नव्या व्हर्जनमध्ये त्यासाठी तयार मेथड होती, ती वापरली. माझ्या मशिनवर सगळं चाललं, टेस्ट पास झाल्या. सर्व्हरवर टाकलं आणि पहिल्याच रिक्वेस्टला ‘नो सच मेथड एरर’. पुढचे चार दिवस मी त्या एका ओळीपाशी बसून होते. ते चार दिवस अजून विसरलेले नाही, म्हणून हे लिहिते आहे. जावा आणि तिचं बिल्ड करणारं साधन, मेवन किंवा ग्रेडल, तुम्ही वापरता असं धरून चालते.

त्या चार दिवसांत मी काय केलं, ते आधी सांगते, कारण तुम्हीही बहुतेक हेच कराल. एडिटरमध्ये मेथडच्या नावावर क्लिक केलं, की तिचा सोर्स उघडायचा. म्हणजे मेथड आहे. मग चूक सर्व्हरची असणार. क्लीन बिल्ड केला. एडिटरचा कॅश उडवला. मेवनची लोकल रिपॉझिटरी पूर्ण पुसून सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा उतरवल्या. जेडीके, म्हणजे कम्पाइलरसकट जावाचा सगळा संच, काढून परत टाकला. दर वेळी अर्धा-पाऊण तास गेला आणि एरर जिथल्या तिथे. डिपेंडन्सी ट्रीसुद्धा, म्हणजे प्रोजेक्ट कोणकोणत्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे त्याचा नकाशा, काढला होता. त्यात त्या लायब्ररीचं एकच व्हर्जन दिसत होतं, नवं आणि बरोबर. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली, की डिपेंडन्सीमध्ये काही गडबड नाही.

इथेच मी फसले. हा भाग सावकाश वाचा.

तुम्ही कम्पाइल करता तेव्हा कम्पाइलर एका क्लासपाथवर, म्हणजे क्लास कुठेकुठे शोधायचे त्या यादीत, शोधतो. प्रोग्रॅम चालतो तेव्हा जेव्हीएम, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी जावाची यंत्रणा, दुसऱ्या क्लासपाथवर शोधते. हे दोन शोध पूर्ण वेगळे आहेत. कम्पाइलरला मेथड सापडली, की तो तुमच्या क्लास फाइलमध्ये फक्त नावं लिहून ठेवतो: क्लासचं पूर्ण नाव, मेथडचं नाव, पॅरामीटर कोणत्या प्रकारचे आणि परत काय येतं. ती कोणत्या जारमध्ये, म्हणजे क्लास एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये, सापडली, त्या जारचं व्हर्जन काय, यातलं काहीही तो लिहीत नाही. पुढे जेव्हीएम त्या नावाचा क्लास शोधायला निघते, क्लासपाथवर पहिला जो सापडेल तो उचलते आणि तिथेच थांबते. त्याच नावाचा दुसरा, नवा क्लास दोन जार पलीकडे असला तरी ती तिथपर्यंत जातच नाही. उचललेल्या क्लासमध्ये मेथड नसली, की ‘नो सच मेथड एरर’. म्हणून ही एरर दिसली, की शंभरातल्या बहुतेक वेळा अर्थ एकच असतो: क्लास सापडला आहे, पण तो भलत्याच व्हर्जनचा आहे.

मग ट्रीमध्ये एकच व्हर्जन कसं? आमच्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या टीमने दिलेला एक जाडजूड जार होता, ज्याला फॅट जार म्हणतात. त्यात त्यांनी आपल्या कोडबरोबर जेसनची जुनी लायब्ररीही उलगडून आत कोंबली होती, पॅकेजचं नावही न बदलता. मेवनच्या दृष्टीने तो एकच जार. त्याच्या पोटात काय आहे ते ट्रीमध्ये येत नाही. आणि माझ्या मशिनवर चाललं, कारण मेवन आणि एडिटर जारची यादी ठरलेल्या क्रमाने देतात, त्यात नवी लायब्ररी आधी येत होती. सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमध्ये मात्र क्लासपाथला ‘लिब’ फोल्डरपुढे फुली, म्हणजे वाइल्डकार्ड दिलेलं होतं. त्या फोल्डरमधले जार कोणत्या क्रमाने घेतले जातील, याची जावा कसलीही हमी देत नाही. क्रम मशिनगणिक बदलू शकतो, एकाच मशिनवरही बदलू शकतो. सर्व्हरवर तो फॅट जार आधी आला.

हे मला सापडलं नाही. चौथ्या दिवशी टीममधला एक वरिष्ठ सहकारी शेजारी येऊन बसला आणि त्याने एवढंच विचारलं, “हा क्लास कुठल्या फाइलमधून लोड झालाय, ते बघितलंस का?” मला असं बघता येतं हेच माहीत नव्हतं. त्याने सुरुवातीच्या कमांडमध्ये ‘-व्हर्बोज:क्लास’ हा पर्याय घालायला सांगितला. लॉगमध्ये प्रत्येक क्लासची एक ओळ येऊ लागली. जावा 9 पासून त्या ओळीत ‘सोर्स’ शब्दापुढे फाइलचा पत्ता असतो. जावा 8 मध्ये ‘लोडेड’ असं येतं आणि ‘फ्रॉम’पुढे पत्ता. मी माझ्या क्लासचं नाव शोधलं आणि त्यापुढे त्या दुसऱ्या टीमच्या जारचं नाव होतं. चार दिवसांचं कोडं एका ओळीत सुटलं.

पुढची दुरुस्ती सोपी होती. त्या टीमकडून आतली लायब्ररी काढून टाकलेला जार घेतला आणि बिल्डमध्ये मेवनच्या एन्फोर्सर प्लगइनचा जादा नियम लावला. तो एकाच नावाचे क्लास दोन जारमध्ये आढळले, की बिल्डच पाडतो. हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. सुरुवातीला तो बराच आरडाओरडा करेल, तरी लावा.

बाकीच्या एरर थोडक्यात. ‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ बहुधा तेव्हा येते, जेव्हा कुणी तरी क्लास नावाने मागवलेला असतो, उदाहरणार्थ डेटाबेसचा ड्रायव्हर, आणि तो जारच नसतो. ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ म्हणजे कम्पाइलच्या वेळी क्लास होता, चालवताना नाही. मेवनमध्ये स्कोप ‘प्रोव्हायडेड’, म्हणजे लायब्ररी चालवताना सर्व्हर देईल असा, ठेवला असेल आणि ती तिथे नसेल, तर हे हमखास होतं. पण त्याच एररपुढे ‘कुड नॉट इनिशियलाइझ क्लास’ असं असेल, तर क्लासपाथमागे धावू नका. क्लास सापडलेला आहे, त्याचा स्टॅटिक ब्लॉक, म्हणजे क्लास पहिल्यांदा वापरताना चालणारा कोड, आधीच कोसळला आहे. लॉगमध्ये वर जा, पहिली ‘एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर’ शोधा, खरं कारण तिथे लिहिलेलं असतं.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ दिसली तर तिच्यात छापलेल्या क्लास फाइलच्या आकड्यातून 44 वजा करा. 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17, 65 म्हणजे 21. नव्या जेडीकेने कम्पाइल करून जुन्यावर चालवता आहात, एवढाच त्याचा अर्थ. मेवन ‘जावा होम’ बघतं आणि टर्मिनलमधली जावा ‘पाथ’मधून येते, हे दोन वेगळे असू शकतात. मेवनला व्हर्जन विचारलं, की ते कोणती जावा वापरतंय तेही छापतं.

इथे आणखी एक खड्डा आहे. जुन्या जावासाठी बिल्ड करताना लोक ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ 8 ठेवतात आणि निश्चिंत होतात. त्याने भाषेचे नियम आणि क्लास फाइलचा आकडा जुना होतो, पण मेथड शोधल्या जातात नव्या जेडीकेच्या लायब्ररीत. बाइट बफरची ‘फ्लिप’ मेथड घ्या. जावा 8 मध्ये ती ‘बफर’ परत देते, जावा 9 पासून ‘बाइट बफर’. परत काय येतं हाही नावाचा भाग असतो, हे वर लिहिलंच आहे. त्यामुळे तुमचं बिल्ड स्वच्छ होतं आणि जावा 8 वर तीच ‘नो सच मेथड एरर’. जावा 9 मध्ये आलेला ‘रिलीज’ हा पर्याय वापरा, तो जुन्या लायब्ररीशीच ताडून बघतो.

आणि एक: ‘-जार’ देऊन प्रोग्रॅम चालवलात, तर कमांडवरचा क्लासपाथ आणि एन्व्हायर्नमेंटमधला क्लासपाथ दोन्ही दुर्लक्षित होतात. फक्त जारच्या मॅनिफेस्टमधला, म्हणजे जारच्या आतल्या माहितीच्या फाइलमधला, धरला जातो. यात माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांचे दिवस गेले आहेत.

मेवन आणि ग्रेडल एकसारखं वागत नाहीत, हेही डोक्यात ठेवा. दोन व्हर्जनची टक्कर झाली, तर मेवन तुमच्या प्रोजेक्टला ट्रीमध्ये जवळ असलेलं घेतं, मग ते जुनं का असेना. अंतर सारखं असेल, तर आधी लिहिलेलं. ग्रेडल एरवी सर्वांत वरचं व्हर्जन घेतं. म्हणून एकाकडून दुसरीकडे प्रोजेक्ट नेताना काही न बदलताही गोष्टी मोडतात.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. ‘सगळं पुसून परत टाक’ हा सल्ला पहिल्या तासात घेऊ नका. कधी कधी त्याने चालतं, तेव्हा तर जास्त नुकसान होतं, कारण काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि महिन्याभराने तेच परत येतं. डिपेंडन्सीची व्हर्जन अंदाजाने वर-खाली करणंही तसंच. आणि जो वरिष्ठ तुमचा कीबोर्ड ओढून दोन मिनिटांत दुरुस्त करून निघून जातो, त्याला निदान एकदा थांबवून विचारा, की कसं कळलं. माझ्या शेजारी बसलेल्या त्या माणसाने कीबोर्डला हातही लावला नव्हता.

चार दिवस लागले म्हणून तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही. ही एरर वाचून तिचं कारण कुणालाच कळत नाही, अनुभवी माणसालाही नाही. त्याला फक्त कुठे बघायचं ते ठाऊक असतं. मदत मागायला जाताना तीन गोष्टी हातात ठेवा: चालणाऱ्या जावाचं व्हर्जन, क्लास कोणत्या फाइलमधून आला ती लॉगची ओळ, आणि त्या नावाचा क्लास आणखी कोणकोणत्या जारमध्ये आहे त्याची यादी. ही यादी करायला प्रत्येक जारमधल्या फाइलींची नावं छापून त्यात क्लासचं नाव शोधायचं, पाच मिनिटांचं काम आहे. बरेचदा ती करतानाच उत्तर सापडतं आणि कुणाकडे जावंच लागत नाही.