गॅस नसलेल्या खोलीत मधुमेहींसाठी स्वस्त जेवण

रत्नागिरीत भाड्याच्या खोलीवर राहतो, स्वयंपाकाची सोय नाही. दोन्ही वेळा खाणावळीत भाताचा डोंगर पुढे आला की साखर वाढायचीच. त्यावर थर्मासचा उपाय सापडला.

१. सकाळी मूठभर हिरवे मूग भिजत घाला. रात्री निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात.

२. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्या. (हे टाळलंत तर मूग कचकचीत राहतात.) मग मोड घालून चहाच्या टपरीवरचं अगदी उकळतं पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. अर्ध्या तासाने पाणी ओतून टाका.

३. कांदा, काकडी, मीठ, लिंबू, मूठभर भाजलेले शेंगदाणे.

सोबत गाडीवरचं उकडलेलं अंडं घेतलं की पोट भरतं. खाणावळीत जायचंच असेल तर भाताऐवजी एक भाकरी, उसळ आणि तळलेल्या बांगड्याऐवजी कालवणातला बांगडा मागा. बहुतेक मावशी आनंदाने बदलून देतात. सोलकढी चालते, पण साखर घातली आहे का ते विचारा. कोकम सरबत मात्र नकोच.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेत मोड लवकर बुळबुळीत होतात. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या.

इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर भात डॉक्टरांना विचारूनच कमी करा आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. रक्तातली साखर फार उतरून घाम, थरथर जाणवली की तीन चमचे साखर लगेच पाण्यातून घ्या.