कॉसमॉस नुसताच वाढतोय, फुलं नाहीत? या चुका टाळा

माझा पहिला कॉसमॉस कमरेच्या वर गेला होता, हिरवागार, गाजराच्या पाल्यासारखा झुपकेदार, आणि फूल म्हणाल तर एकही नाही. मी आपली दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत घालतेय, बिचाऱ्याला भूक लागली असेल म्हणून. तिथेच सगळा घोळ होता. हे झाड मूळचं मेक्सिकोचं, हलक्या जमिनीत मजेत वाढणारं, त्याला नत्र (खतातलं नायट्रोजन) जास्त मिळालं की ते पानंच काढत बसतं, खोड पोचट होतं आणि जरा वारा आला की आडवं. कुंडी भरताना मातीत थोडंसं जुनं कुजलेलं खत मिसळा, बास, नंतर काही नको. आणि आधीच जास्त पडलं असेल तर खत ताबडतोब बंद, पाणी वरची इंचभर माती सुकल्यावरच, आणि उन्हात ठेवा. सहा तास तरी थेट ऊन पाहिजेच, त्याला पर्याय नाही.

आता बी. लांबट, बारीक, किंचित वाकडं असतं, काडीच्या तुकड्यासारखं, ते लोक बोटाने खोल खुपसतात आणि मग उगवत नाही म्हणून बियाण्याला नावं ठेवतात. अर्धा सेंटीमीटर माती वर पुरे. पाणी स्प्रेनेच द्या, पाईप लावलात तर सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं. साधारण 7 ते 10 दिवसांत कोंब दिसतात. कधीकधी पानांच्या टोकाला बियाचं टरफल टोपीसारखं अडकून राहतं, ते ओढू नका हं, मी ओढलं तर सोबत पानही आलं, थोडं पाणी फवारून ओलं केलं की आपोआप गळतं.

रोपं उगवली की आपला जीव अडकतो, एकही काढवत नाही. पण एकाला एक चिकटून ठेवली तर सगळीच सुतासारखी लांब होतात, आणि हवा खेळली नाही की नंतर पानांवर पांढरी भुरी, म्हणजे पिठासारखी बुरशीही येते. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा, जास्तीची कात्रीने मातीलगत कापा, उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात. सावलीत उगवून लंबू झालेलं रोप हलवताना थोडं खोल लावलं तरी चालतं.

रोप फूटभर झालं की शेंडा खुडायचा. हात धजावत नाही, माहितीये, पण खुडल्यावर बाजूने फुटवे येतात आणि झाड बुटकं, भरगच्च होतं, नाहीतर एकच काठी आणि वर दोन फुलं.

अजून एक, गुलाबी-पांढऱ्या जातीला दिवस लहान व्हायला लागले की लवकर कळ्या येतात, त्यामुळे मोठ्या दिवसांत पेरलेलं झाड आधी भरपूर उंच होतं आणि फुलं उशिरा. रात्रभर दिवा लागतो त्याच्या खाली कुंडी असेल तर झाडाला दिवस मोठाच वाटतो, ती हलवून बघा.

कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला की लगेच औषध नको, आधी पाण्याची जोरदार फवारणी दोन-तीन दिवस करा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच जातो.

फुलं सुरू झाली की सुकलेली काढत राहा, नाहीतर झाड बी करायच्या मागे लागतं. इथे गंमत अशी की नवीन कळी आणि सुकलेलं फूल लांबून सारखंच दिसतं, मी कितीतरी कळ्याच खुडल्यात. कळी गोल आणि वरून चपटी असते, पाकळ्या गळलेलं बोंड लांबट, टोकदार.

शेवटी शेवटी मात्र चार-पाच बोंडं ठेवा, काळपट होऊन चांदणीसारखी उघडली की बी काढा. हायब्रिड असेल तर पुढच्या वेळी रंग तोच येईल असं नाही. थोडं बी खाली पडून शेजारच्या कुंडीतही उगवतं, ते तण समजून उपटू नका, पहिली दोन पानं साधी लांबट असतात, दोऱ्यासारखी बारीक चिरलेली पानं त्यानंतर येतात.