लाटेचा फेस सुरीने रंगवताना

गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने १८६९ साली नॉर्मंडीतील एत्रता येथे समुद्र रंगवताना कुंचल्याबरोबर पॅलेट नाइफही (रंग मिसळायची आणि लावायची बोथट, लवचीक सुरी) मोकळेपणाने वापरला आणि त्याच्या लाटांना दगडासारखे वजन आले. तसा पोत साधायचा असेल, तर ताणलेल्या कॅनव्हासऐवजी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) लावलेली लाकडी फळी घ्यावी, कारण हलणाऱ्या पृष्ठभागावर जाड थर लवकर तडकतो. आकाश आणि दूरचे पाणी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तैलरंगात आधी उरकून वाळू द्यावे.

खरे काम फेसाचे. टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग ट्यूबमधून काढल्यावर त्यात काहीही मिसळू नये. सुरीच्या कडेवर थोडा रंग घेऊन, ती जवळजवळ आडवी धरून लाटेच्या माथ्यावरून एकदाच ओढावी. सुरी उचलताना जी बारीक धार उभी राहते, तिच्यावर बाजूचा प्रकाश पडला की लाट फुटल्याचा भास होतो. ही धार पुन्हा गिरवू नये, अन्यथा पांढरा रंग शेजारच्या ओल्या हिरव्यात मिसळून गढूळ होतो, आणि असा फेस मला मेलेला वाटतो.

जाड रंग वरून सुकला तरी आत कित्येक महिने ओला राहतो. म्हणून संग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी वार्निशची घाई करू नये आणि चित्र कॅनव्हासवर काढले असेल, तर ते कधीही गुंडाळू नये.