तुळशीच्या लग्नाला न कलंडणारा उसाचा मांडव

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी हे लग्न लावता येते. वृंदावनाला गेरू, रांगोळी, हिरव्या बांगड्या, मणी-मंगळसूत्र, बाळकृष्णाला मुंडावळ्या ही तयारी घरोघरी ठाऊक असते. अडते ते मांडवाशी.

‘कुंडीतच चार ऊस खोचा’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. कुंडीतली माती सैल असते, उसाचा वरचा भार पेलत नाही, आणि तुळशीची मुळे तुटतात ती वेगळीच. मांडवाचे पाय कुंडीच्या बाहेर, जमिनीवरच हवेत.

सारख्या जाडीचे, वाढ्यांसकट (शेंड्याच्या हिरव्या पानांसकट) चार ऊस घ्या. आधी वाळके पाचट सोलून काढा. जवळ दिवे लागणार आहेत आणि पाचट भसकन पेटते. पानांच्या कडा हात कापतात, तेव्हा लांब बाह्यांचे कपडे घाला. वाढेही निम्मे कमी करा, नाहीतर वाऱ्याने सगळा मांडव एका बाजूला झुकतो.

आता बांधणी. चारही ऊस जमिनीवर शेजारी शेजारी आडवे ठेवा, बुडखे एका रेषेत. वाढ्यांच्या जरा खाली, पेराच्या (सांध्याच्या) लगेच वर सुतळी घ्या. उसाची साल गुळगुळीत असते, पेराचा आधार नसेल तर गाठ खाली घसरते. सुतळी एका उसाच्या वरून, पुढच्याच्या खालून अशी दोन-तीनदा फिरवा आणि सैलसर गाठ मारा. इथे आवळून बांधले की पाय फाकत नाहीत, जोर लावला तर ऊस तडकतो. उभे करून पाय फाकवले की ती गाठ आपोआप आवळते.

खरी मदार मात्र खालच्या सुतळीवर. गुडघ्याच्या उंचीवर चारही पायांना वेढा घालून सुतळी ताणून बांधा. फरशीवर पाय बाहेर सरकतात आणि मांडव बसतो, तो याच वेढ्याअभावी. सुतळी तुळशीच्या खोडाला गुंडाळू नका. झेंडूच्या माळा सगळ्यात शेवटी, त्याही हलक्या.

पुढचे सोपे: चिंचा-आवळे वाहा, अंतरपाट धरा, मंगलाष्टके म्हणा, शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट काढून अक्षता टाका, आरती करा, चुरमुरे-बोरे वाटा. निरांजन मांडवाच्या आत नको.

उतरवताना एकाने ऊस वरून धरून ठेवायचे, दुसऱ्याने खालचा वेढा सोडून पाय जवळ आणायचे. वरची गाठ जुडी आडवी केल्यावरच कापायची.