फिरतीची नोकरी अन् तब्येत: आधी चहाचा हिशेब करा

मी बियाणं कंपनीत फिल्डला आहे, जालन्याहून सोमवारी निघतो अन् बीड, परभणी, नांदेड, लातूर असं फिरत फिरत शुक्रवारी घरी, कधी बाईकवर तर कधी एसटीनं. अकरा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी सहज रक्त तपासलं तर एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा) 6.2 निघालं, 5.7 ते 6.4 म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर अन् 6.5 झालं की घरात. तवापासून बरंच काय काय करून पाहिलं. पहाटे पाचला उठून पळणं, प्रोटीनचा डबा, ते रबराचे पट्टे, हे सगळं महिन्यात बंद पडलं म्हणून त्याबद्दल काही सांगत नाही, जे टिकलंय तेवढंच सांगतो.

सगळे म्हणतात फिरतीवाल्याला ढाबा खातो. मला विचाराल तर चहा खातो. दिवसाला दहा-बारा कृषी सेवा केंद्रं होतात अन् आपल्याकडं दुकानात पाय ठेवला की नमस्काराच्या आधी पोराला आवाज जातो, "ए, दोन सांग रे". कप लहान असला तरी हॉटेलचा चहा गोडच, दीड चमचा साखर धरा, चमचा 4 ते 5 ग्रॅमचा, म्हणजे दहा कपाची 60 ते 75 ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असंय की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवावी अन् 25 वर आणली तर अजून चांगलं. आपला कोटा नुसत्या चहातच संपला, बिस्कीट तर धरलंच नाही.

आता नाही कसं म्हणायचं हा खरा प्रश्न, कारण चहा नाकारला की डीलरला वाटतं ह्यानं मागच्या रिटर्नचा, म्हणजे न खपलेला माल परत पाठवल्याचा, राग धरलाय. उपासाचं कारण सांगू नका, उपासाला चहा चालतो आपल्यात. "आत्ताच घेतला" म्हणलं तर "मग अर्धा घ्या". माझ्या अनुभवात एकच वाक्य चालतं, "मामा, डॉक्टरनं बंद केलाय, नाहीतर गोळी चालू व्हायलीय, थंड पाणी पाजा फक्त". मग मामा स्वतःच्या शुगरची कहाणी पंधरा मिनिटं सांगतात, ती ऐकायची, पण कप येत नाही अन् वर ऑर्डरही निघते. मी दिवसाचे दोन चहा ठेवलेत, सकाळचा अन् चारचा, तेही जेवणाला चिकटून नाही, कारण जेवणावर लगेच चहा घेतला की भाजीतलं लोह अंगी नीट लागत नाही, तासभर जाऊ द्यावा.

जेवणाचं म्हणाल तर पहिले दोन दिवस घरचं न्या. आपल्या आज्या पंढरीला पायी जाताना काय न्यायच्या, दशम्या. ज्वारीचं पीठ दुधात मळायचं, पाण्याचा थेंब नाही, मग दोन दिवस मऊ राहतात, उन्हाळ्यात मात्र एकच दिवस धरा अन् आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. सोबत जवसाची नाहीतर कारळाची चटणी, एखादा कांदा. बॅगेत फुटाणे-शेंगदाण्याची पुडी कायम, कारण साडेअकराला भूक लागली की स्टँडवरचा वडापाव दिसतो, ती पुडी हातात असली की निम्मा मोह जातो (निम्माच म्हणतोय, खोटं कशाला बोलू).

ढाब्यावर गेलात तर बसायच्या आधी सांगा, बसल्यावर आपण मेनू बघून बिघडतो. साधं वरण, तडका नको. पिठलं असेल तर पिठलं, भाकरी, ठेचा, दही. शेवभाजी मागवलीच तर वरची तर्री वाटीत काढून बाजूला ठेवा, एकदा काढून बघा किती तेल निघतंय ते, परत खावंसं वाटणार नाही. नांदेडला मुक्काम असला की मी गुरुद्वाऱ्यात लंगरला जातो, डाळ रोटी, पोटाला हलकं, अन् मांडी घालून खाली बसणं होतं हा वेगळा फायदा.

पाणी. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडं पारा 42-43 ला जातो अन् बाईकवर घाम वाऱ्यानं वाळतो म्हणून कळतच नाही किती गेला. लघवी गडद पिवळी व्हायली म्हणजे उशीर झालाय असं समजा. ओआरएसची पुडी ठेवा, तिच्यावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच कालवा, अंदाजे नाही. पुडी नसली तर एक लिटर चांगल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ. हे उलटी-जुलाब, लई घाम गेला तरच, रोजचं सरबत म्हणून नाही, शुगरवाल्यांनी तर डॉक्टरला विचारूनच. अन् एक गोष्ट, आमच्या बरोबरच्या बाया फिल्डवर पाणीच पीत नाहीत कारण बाथरूमची सोय नसते, मग लघवीला जळजळ, इन्फेक्शन, हे वर्षानुवर्षं चाललंय अन् ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कुणी विषय काढत नाही. त्यातल्या एका ताईनं उपाय काढलाय, रूट ठरवताना दुकानांबरोबर बरे पेट्रोल पंपही वहीत लिहायचे. पंपावर टॉयलेट ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, कुलूप असलं तर चावी मागा, लाजू नका.

व्यायामाला लॉजची खोली पुरते. पलंग अन् भिंतीच्या मधी तीन फरश्या मोकळ्या असल्या की सूर्यनमस्कार होतात, सहा घाला, हळूहळू बारा. वजन उचलायचंय तर बाथरूममध्ये बादली आहेच, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, अर्धी भरली की सात-आठ किलो होते, पाठ सरळ ठेवून गुडघ्यातून उचला, ठेवा, दहा वेळा. कडी मात्र आधी ओढून बघा. बीडला एका लॉजवर माझ्या हातात नुसती कडी राहिली अन् पाणी दाराखालून पॅसेजमध्ये, मॅनेजर वर येऊन म्हणतो "सायेब, नळ चालू राहिला का?" मी हो म्हणलं, काय सांगणार.

आठवड्याला 150 मिनिटं झपझप चालणं पुरेसं असतं, ते एकदम करायची गरज नाही. रात्री जेवलं की खोलीत जायचंच नाही, दहा-पंधरा मिनिटं बाजारपेठेतून चक्कर, जेवणानंतर चाललं की शुगर कमी चढते. परभणीला असाल तर सकाळी कृषी विद्यापीठाकडं जा, झाडं आहेत, गाड्या कमी.

कंबर दुखत असेल तर आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. बाईकवर, एसटीत तासन् तास एका कुल्ल्याखाली तो जाड ठोकळा ठेवून बसलं की शीर दबते, मी वर्षभर बाम चोळत होतो अन् पाकीट पुढं घेतल्यावर तीन आठवड्यात फरक पडला. तासाला एकदा उतरून दोन मिनिटं पाय मोकळे करा.

झोपेचं जास्त लांबवत नाही. रिपोर्ट नऊच्या आत पाठवा, ग्रुप म्यूट करा. गाडी चालवताना डोळा लागायला लागला तर काच उघडून, गाणं लावून काही होत नाही, बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा. पोचायला उशीर झाला तर डीलर थांबतो.

एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी करा, महिन्याला करून उपयोग नाही, कारण रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात अन् तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतो. माझं मागच्या वेळी 5.8 आलं, म्हणजे अजून उंबरठ्यावरच आहे, पण गेवराईच्या मामांनी परवा स्वतःहून पोराला सांगितलं, "एकच सांग रे, सायबाला पाणी".