नाल्याच्या पाण्यावर रिसर्च करायचाय? मग आधी ब्लँक सांभाळा

या फील्डमध्ये नवीन येणारे जवळपास सगळेच विचारतात, मशीनवर कधी बसायला मिळेल? मीपण तेच विचारलं होतं. एलसी-एमएस (पाण्यातली केमिकल वेगळी करून ओळखणारं आणि मोजणारं मशीन) म्हणजे खरं काम आणि बाकी सगळी हमाली असा माझा समज होता, आणि पहिले सहा महिने बाटल्या धुण्यात गेले तेव्हा जाम वैताग आला होता.

मग डीटने धडा शिकवला. डीट म्हणजे डास पळवायच्या क्रीममधलं केमिकल. शहरी नद्या-नाल्यांत ते खरंच सापडतं, त्यामुळे बाराच्या बारा सॅम्पलमध्ये मस्त पीक (मशीनच्या आलेखातलं टोक) दिसल्यावर मी खूश, धावत सिनियरला दाखवायला गेले तर ती एवढंच म्हणाली, फील्ड ब्लँक उघड. फील्ड ब्लँक म्हणजे लॅबमधलं शुद्ध पाणी साइटवर न्यायचं, तिथे उघडून सॅम्पलच्या बाटलीत ओतायचं आणि परत आणून सगळ्या प्रोसेसमधून काढायचं. त्या पाण्यातही डीट, जवळपास तेवढंच! डास चावतात म्हणून हाताला क्रीम चोपडून गेले होते आणि ग्लोव्हज त्याच हातांनी चढवले होते. डीटचा सगळा डेटा बाद.

हे इतकं नाजूक का, तर आपण नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजतो. 25 लाख लिटरच्या स्विमिंग पूलमध्ये अडीच मिलिग्रॅम टाकलं की झालं 1 नॅनोग्रॅम प्रति लिटर. त्यात आपण अर्धा लिटर पाणी एसपीई कार्ट्रिजमधून (केमिकल धरून ठेवणारी छोटी गाळणी) काढून शेवटी 1 मिलीवर आणतो, म्हणजे नाल्यातली घाण पाचशे पट आणि आपली स्वतःची घाणही त्याच्यासोबत.

बाटलीचंही तसंच आहे. पेस्टिसाइड, पीएएच (इंधन वगैरे जळताना तयार होणारी केमिकल) वगैरेंसाठी तपकिरी काचेची बाटली, कारण प्लॅस्टिकमधून थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी केमिकल) सुटतात, काही कंपाउंड प्लॅस्टिकला चिकटून बसतात, आणि उजेडाने काही तुटतात ते वेगळंच. पण पीएफएएस (नॉनस्टिक, वॉटरप्रूफ कोटिंगमधली फ्लोरिनवाली केमिकल) करायचं असेल तर उलटं, पॉलिप्रोपिलीन किंवा एचडीपीई प्लॅस्टिकची बाटली घ्या, टेफ्लॉनचं अस्तर असलेली झाकणं आसपाससुद्धा नकोत. एकच बाटली सगळ्याला चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पाऊस पडला की जा, ही माझी दुसरी सूचना. कोरड्या दिवशी मुख्यतः सांडपाणी दिसतं, पण पहिल्या सरीत रस्त्यावरचं सगळं एकदम वाहून येतं. सिएटलच्या भागात पावसानंतर कोहो सॅमन मासे ओढ्यांत का मरतात याचं कोडं कितीतरी वर्षं सुटत नव्हतं, 2020 मध्ये कळलं की टायरच्या रबरातलं 6पीपीडी ओझोनशी रिअ‍ॅक्ट होऊन 6पीपीडी-क्विनोन बनतं आणि तेच मारतं. म्हणजे रबर टिकावं म्हणून घातलेली वस्तू, आणि मारेकरी तिचं पुढचं रूप! म्हणून नुसती ठरलेली लिस्ट मोजत बसू नका, ट्रान्सफॉर्मेशन प्रॉडक्टही शोधा.

दोन कंपाउंड मात्र लवकर ओळखीची करून घ्या, कॅफिन आणि कार्बामाझेपिन (फिट्सवरचं औषध). कॅफिन ट्रीटमेंट प्लांटमध्ये बऱ्यापैकी निघून जातं, कार्बामाझेपिन जवळजवळ तसंच पार होतं. म्हणून कॅफिन भरपूर असेल तर कुठेतरी ट्रीट न केलेलं सांडपाणी शिरतंय असा संशय घ्यायला जागा आहे. (सॅम्पलिंगआधी कॉफी पिऊ नका, हे आता सांगायला नको.)

मशीन शिकायला फार वेळ लागत नाही हो. वेळ लागतो तो मॅट्रिक्स इफेक्ट समजायला, नाल्याच्या पाण्यातली इतर घाण आयनायझेशन (मशीनमध्ये केमिकलला चार्ज मिळणं) दाबते आणि आकडा कमी दिसतो, म्हणून ड्युटेरियमवाले स्टँडर्ड (त्याच केमिकलची जड हायड्रोजनवाली, माहीत असलेल्या प्रमाणात टाकायची जुळी) एक्स्ट्रॅक्शनच्या आधीच टाकायचे, नंतर नाही. ते महाग असतात म्हणून गाइड का कू करतात, तरी मागा.

आणि लॅब निवडताना इंटरव्ह्यूमध्ये मशीनचं मॉडेल विचारण्यापेक्षा मागच्या बॅचचे ब्लँक आणि रिकव्हरी (टाकलेल्यापैकी किती टक्के परत सापडलं) दाखवता का, असं विचारा. लगेच फाइल उघडून दाखवली तर बिनधास्त जॉइन व्हा. मी ज्या पहिल्या लॅबमध्ये विचारलं तिथे विषय बदलला होता.